ध्वनिफितींची देवघेव आणि तिचा शिष्टाचार

ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हापासून हिंदुस्थानी संगीत तबकडीवर येऊ लागले. परंतु मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असल्याने, तासभर रंगणारा ख्याल तिच्या कक्षेबाहेरच राहिला. ही अडचण दूर केली ती स्पूलच्या ध्वनिमुद्रकाने. चुंबकीय लेप दिलेली १२०० फुटांची फीत सेकंदाला पावणेचार इंच या गतीने फिरवल्यास एका बाजूस तासाहून थोडे अधिक गायन टिपता येई, आणि त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई-पुण्याच्या रसिकांना खासगी बैठक किंवा १९५२ साली सुरू झालेला आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सलग जतन करणे प्रथमच शक्य झाले.

या फितींच्या देवघेवीत जे संकेत रूढ झाले, त्यांचे मूळ घराण्यांच्या व्यवहारात शोधावे लागते. चीज, म्हणजे विशिष्ट रागात व तालात बांधलेली शब्दरचना, ही घराण्याची मालमत्ता मानली जाई. ती पात्रता पाहून दिली जाई आणि घेणाऱ्याने ती कोणाकडून मिळाली हे गाताना-शिकवताना सांगणे अपेक्षित असे. संगीतशास्त्रकार भातखंडे यांना ‘क्रमिक पुस्तक मालिके’साठी चिजा जमवताना याच राखणीशी झुंजावे लागले. संग्राहकांनी हा वारसा जवळपास जसाच्या तसा उचलला: फीत विकायची नाही, तिच्या बदल्यात तोलामोलाची फीत किंवा निदान कोरे स्पूल द्यायचे, मूळ ध्वनिमुद्रण कोणाचे हे सांगायचे, आणि ‘पुढे देऊ नये’ या अटीवर मिळालेले गाणे आपल्यापाशीच ठेवायचे. यातील शेवटच्या अटीने पुष्कळ हानीही केली, कारण कपाटात जपलेली एकुलती एक फीत बुरशीने गेली की तिच्याबरोबर ती मैफलही कायमची जाई.

नोंदीची शिस्त हा या शिष्टाचाराचा सर्वांत मोलाचा भाग होय. राग, ताल, स्थळ आणि तारीख यांच्या जोडीला तबला, हार्मोनियम व सारंगीच्या साथीदारांची नावे लिहिणे हे साथीदाराच्या कलेला दिलेले श्रेय होते, आणि ते टाळणारा संग्राहक कितीही मोठा साठा बाळगून असला तरी उणाच म्हटला पाहिजे. प्रत कितवी आहे हे सांगण्यालाही तितकेच महत्त्व होते; प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी खरखर वाढते, आणि यंत्राची गती सुमारे सहा टक्क्यांनी अधिक असेल तर हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गायलेले गाणे पांढरी दोन पट्टीत ऐकू येते, लय वाढते आणि गायकाच्या आवाजाची जातच बदलून जाते. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट पुढे भारतात घरोघरी पोहोचली, तेव्हा प्रती वाढल्या, पण नोंदी मात्र त्रोटक होत गेल्या.

सर्वांत नाजूक प्रश्न कलावंताच्या संमतीचा होता. केसरबाई केरकर यांच्यासारख्या गायिकेला आपल्या गायनाचे ध्वनिमुद्रण होणे रुचत नसे, आणि अशा वेळी यंत्र लपवून नेणे हा विश्वासभंगच होता, मग हेतू कितीही भक्तीचा असो. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ यांचे गायन मुद्रित स्वरूपात उरलेले नाही, ही हळहळ लपवाछपवीचे समर्थन म्हणून अनेकदा पुढे केली जाते. पण गळा न लागलेली एखादी संध्याकाळ विस्मरणात जावी, ही गायकाची इच्छा त्या हळहळीपेक्षा हलकी ठरत नाही. म्हणूनच संमतीने मुद्रण करून पहिली प्रत कलावंताला द्यावी आणि त्याच्या होकारानंतरच ती इतरांना द्यावी, ही रीत अधिक न्याय्य होती. कायद्याने ही बाजू उशिरा ओळखली: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन प्रयोग सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क मान्य झाला, १९९९ साली त्याची मुदत २५ वर्षांवरून ५० वर्षे झाली, आणि मुद्रण करणाऱ्याच्या खासगी वापरापुरती सवलत त्यात ठेवली गेली.