अजिंठ्याची भिंत, मुंबईचा कॅनव्हास

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील तैलचित्रणाचा इतिहास सांगताना आपण सहसा ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींपासून सुरुवात करतो. ते चूक नाही. पण त्या शाळेच्या काही विद्यार्थ्यांचा हात ज्या मोठ्या कामावर बसला, ते काम वर्गाबाहेर, वाघूर नदीच्या वळणावरच्या लेण्यांत चालले होते.

जॉन ग्रिफिथ्स १८६५ साली या शाळेत शिक्षक म्हणून आले. १८७२ ते १८८५ या काळात ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जात राहिले आणि भित्तिचित्रांच्या नकला कॅनव्हासवर, तैलरंगांत करवून घेत राहिले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा ही त्या विद्यार्थ्यांतली काही नावे.

पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाचा प्रसंग घ्या. राजवाड्याचे दालन, बारीक खांब, राजाकडे झुकलेली राणी सीवली, समोर नर्तकी, बासरी वाजवणाऱ्या स्त्रिया. राजाचे मन संसारातून उठले आहे आणि राणी त्याला धरून ठेवू पाहते आहे. दालन आणि माणसे एकत्र कशी मांडावीत, याचा यापेक्षा चांगला धडा विद्यार्थ्याला कुठे मिळणार?

मात्र धडा एका माध्यमातला आणि वही दुसऱ्या माध्यमातली होती. अजिंठ्याचा रंग मातीच्या गिलाव्यावर दिलेल्या पांढऱ्या लेपावर चढवलेला आहे. तो लवकर वाळतो, म्हणून आकार रेषेने बांधावा लागतो. जवसाच्या तेलातला रंग कित्येक दिवस ओला राहतो. त्यात एक छटा दुसरीत मिसळत नेता येते.

याचा अर्थ मला वाचून कळला नव्हता. मी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. तीन वर्षांपूर्वी छापील प्रतीवरून हाच प्रसंग तैलरंगांत उतरवायला बसलो. खांबांना एका बाजूने सावली दिली, तेव्हा दालन खोल झाले. पण बासरीवाल्या स्त्रिया अंधारात गेल्या. मूळ चित्रात कुठल्याही एका खिडकीतून उजेड येत नाही. प्रत्येक आकृती आपापल्या जागी सारखीच उजळ आहे. सावली पुसून काढली, तर गालाची तपकिरी कडही तेलात विरघळून गेली. ती पुन्हा काढायला रंग वाळेपर्यंत आठवडाभर थांबलो. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न भिंतभर आकारात उभा असणार.

पेस्तनजी (१८५१–१९३८) पुढे पारशी घरांच्या आतली माणसे रंगवणारे चित्रकार म्हणून ओळखले गेले. त्या चित्रांचा उजेड युरोपीय वळणाचा आहे. तरी दालनात माणसे बसवण्याचा सराव त्यांनी अजिंठ्यात केला होता, हे विसरून ती पाहू नयेत असे मला वाटते.

या शिक्षणाची किंमतही मोजली गेली. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या आधीच्या नकला लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली बहुतेक सर्व जळाल्या. ग्रिफिथ्सच्या चमूच्या अनेक नकला १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आगीत गेल्या. उरलेल्यांपैकी शंभराहून अधिक आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. याहून मोठी हानी मुळाची झाली. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या नकलाकारांनी भिंतींवर वार्निश चढवले. ते पुढे पिवळे पडले, आणि ते काढण्याचे काम संवर्धकांच्या वाट्याला आले.

म्हणून या नकलांकडे केवळ ‘प्रती’ म्हणून पाहणे पुरेसे नाही. भिंतीचा जो भाग नंतर झिजला, त्याची त्या साक्ष आहेत. आणि आपल्या पहिल्या तैलचित्रकारांच्या सरावाच्या वह्याही आहेत. १८९६-९७ साली निघालेल्या दोन खंडांच्या ग्रंथामुळे ग्रिफिथ्स यांचे नाव जगभर गेले. जगन्नाथ अनंत आणि जयराव राघोबा यांची नावे मात्र आपल्या कलेतिहासात अजून तळटीपेतच आहेत. ती मजकुरात आणण्याचे काम मराठीत व्हायला हवे.