बूट लोडर कुठे बसवायचा, डिस्कवर की पार्टिशनवर? आणि चुकलं तर डेटा खरंच जातो का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे येडगाव, नारायणगाव, जुन्नर, मंचर अशा पट्ट्यातल्या घराघरांत २०१४-१५ सालचे जे लॅपटॉप अजून ठणठणीत चालतायत, ते एका दिवसात 'जुने' ठरले. त्यात पोरांचे दहावी-बारावीचे स्कॅन केलेले दाखले असतात, लग्नाचे फोटो असतात, टोमॅटोच्या पट्ट्यांचा हिशेब असतो.

मग कुणीतरी सांगतं, लिनक्स टाक. फुकट आहे, हलकं आहे. यूट्यूब बघून पेनड्राइव्ह तयार होतो आणि इन्स्टॉलेशन सुरू होतं. सगळं नीट चाललेलं असतं, तोवर पार्टिशनच्या स्क्रीनवर खाली एक छोटा चौकोन दिसतो. इंग्रजीत लिहिलेलं असतं, 'डिव्हाइस फॉर बूट लोडर इन्स्टॉलेशन'. त्यात पर्याय असतात एसडीए, एसडीए१, एसडीए२ वगैरे. अंदाजानं एक निवडला जातो.

रिस्टार्ट केलं की काळी स्क्रीन. ना विंडोज, ना लिनक्स. दुकानात नेलं की उत्तर तयार असतं, "फॉरमॅट मारावा लागेल."

थांबा. अशा केसमध्ये बहुतेक वेळा फॉरमॅटची गरज नसते. फाइली जागच्या जागी असतात, हरवलेला असतो तो फक्त त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता. हे कसं, ते समजून घेऊ.

(लिनक्स म्हणजे हॅकर लोकांचं काम असं वाटणाऱ्यांसाठी: नारायणगावच्या पलीकडे खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांचे सिग्नल एकत्र करणारी यंत्रणा २०१० च्या सुमारास उभी राहिली ती लिनक्सवर चालणाऱ्या साध्या बाजारातल्या सर्व्हरच्या जोरावर.)

बूट लोडर म्हणजे नेमकं काय?

बटण दाबल्यावर कॉम्प्युटरला विंडोज माहीत नसतं आणि लिनक्सही माहीत नसतं. मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय, आधी जागा होतो. तो डिस्कवर ठरलेल्या ठिकाणी बघतो आणि तिथे जो कोड सापडेल तो चालवतो. हा कोड म्हणजे बूट लोडर. मुख्य ऑपरेटिंग सिस्टिम शोधून मेमरीत चढवायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. माणिकडोह आणि डिंभ्याचं पाणी येडगाव धरणात येतं आणि तिथून कुकडी डाव्या कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. येडगाव काही या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं धरण नाही. पण कालव्याचं तोंड तिथे आहे. ते दार उघडलं नाही, तर वर कितीही पाणी साठलेलं असू दे, खाली थेंब जात नाही. आणि दार अडकलं म्हणून वरचं पाणी आटत पण नाही. बूट लोडर बिघडला की डिस्कवरच्या डेटाचं अगदी हेच होतं.

लिनक्समध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा बूट लोडर म्हणजे ग्रब. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये तो सुरू केला. त्याआधी लिलो नावाचा बूट लोडर चालायचा, त्याचं काम २०१५ ला थांबलं.

जुनी पद्धत: ५१२ बाइटची गोष्ट

जुन्या बायोसच्या कॉम्प्युटरमध्ये 'ठरलेलं ठिकाण' म्हणजे डिस्कचा सगळ्यात पहिला सेक्टर. त्याला एमबीआर म्हणतात. आकार फक्त ५१२ बाइट. त्यातले ४४६ बाइट कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या यादीसाठी (म्हणूनच जुन्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन होतात) आणि शेवटचे २ बाइट सही म्हणून.

४४६ बाइट म्हणजे हा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही. एवढ्या जागेत अख्खा ग्रब कसा बसणार? म्हणून तो दोन तुकड्यांत बसतो. पहिला तुकडा एमबीआरमध्ये. त्याचं काम एकच, दुसऱ्या तुकड्याला हाक मारणं. दुसरा तुकडा एमबीआर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या रिकाम्या पट्ट्यात. शेताच्या बांधासारखी ही जागा, कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली. जुन्या डिस्कवर ती जेमतेम ३१ केबी असायची, कारण पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. आता ते २०४८ पासून सुरू होतं, त्यामुळे जवळपास १ एमबी मिळते.

आता तो चौकोन परत बघा. 'एसडीए' म्हणजे अख्खी डिस्क, 'एसडीए१' म्हणजे त्या डिस्कवरचं पहिलं पार्टिशन. फरक एका आकड्याचा, पण परिणाम फार वेगळे. एसडीए निवडलं की ग्रब एमबीआर आणि बांधावर बसतो. एसडीए१ निवडलं की तो त्या पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरवर बसायला जातो.

पार्टिशनवर बसवलं तर काय होतं?

ते पार्टिशन कशाचं आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

लिनक्सचं एक्स्ट४ पार्टिशन असेल, तर सुरुवातीचे १०२४ बाइट मोकळे ठेवलेले असतात. ग्रबचा पहिला तुकडा तिथे मावतो, दुसरा मावत नाही. मग दुसरा तुकडा साधी फाइल म्हणून पार्टिशनच्या आत ठेवतात आणि 'ती फाइल डिस्कच्या अमुक अमुक ब्लॉकवर आहे' अशी यादी लिहून ठेवतात. इथेच घोळ आहे. उद्या एखादं अपडेट आलं, डिस्क दुरुस्त झाली किंवा बॅकअपवरून सगळं परत आणलं, की ती फाइल दुसऱ्या ब्लॉकवर जाऊ शकते. यादी जुन्याच पत्त्यावर बोट दाखवत राहते. कॉम्प्युटर सहा महिने व्यवस्थित चालतो आणि एका सकाळी उठतच नाही. म्हणूनच ग्रबचा इन्स्टॉलर पार्टिशनवर बसायला सांगितलं की 'हे भरवशाचं नाही' असा इशारा देतो आणि जबरदस्ती केल्याशिवाय पुढे जात नाही.

बीटीआरएफएस पार्टिशन सुरुवातीला ६४ केबी सोडतं, तिथे अडचण कमी. एक्सएफएस मात्र पहिल्याच सेक्टरमध्ये स्वतःची सगळ्यात महत्त्वाची माहिती ठेवतं, त्यामुळे तिथे बूट लोडरला जागाच नाही.

आणि विंडोजचं पार्टिशन? तिथे पहिल्या सेक्टरमध्ये विंडोजचा स्वतःचा बूट कोड आणि त्या पार्टिशनची मापं लिहिलेली असतात. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, तर विंडोजला आपलंच घर ओळखता येत नाही. डिस्क 'रॉ' दिसायला लागते आणि 'फॉरमॅट करायचं का?' असा प्रश्न येतो. त्याला 'हो' म्हणू नका. एनटीएफएस त्या पहिल्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. टेस्टडिस्क नावाचं मोफत टूल ती प्रत परत जागेवर आणू शकतं.

एवढा धोका होता तर लोक पार्टिशनवर बसवायचे का? त्याला कारण होतं. पूर्वी विंडोज परत टाकलं की ते न विचारता एमबीआर स्वतःच्या नावावर करून घ्यायचं आणि लिनक्स गायब व्हायचं. म्हणून जाणकार एमबीआर विंडोजकडे राहू द्यायचे, लिनक्सचा लोडर लिनक्सच्या पार्टिशनवर ठेवायचे आणि एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारायची सोय करायचे. त्याला चेन लोडिंग म्हणतात. आजच्या घरगुती लॅपटॉपला याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवीन पद्धत: दारच वेगळं केलं

गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये यूईएफआय असतं. त्यात ५१२ बाइटची कसरत संपली. डिस्कवर एक छोटं फॅट३२ पार्टिशन असतं, ईएसपी, म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन. विंडोज ते बऱ्याचदा १०० एमबीचं करतं. त्यात प्रत्येक सिस्टिमचं वेगळं फोल्डर असतं. मायक्रोसॉफ्टचं एक, उबुंटूचं एक. बूट लोडर म्हणजे तिथली साधी फाइल, आणि कुठली फाइल आधी चालवायची याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत. एका घरात दोन भाऊ, पण दोघांच्या खोल्या वेगळ्या.

म्हणजे इथे बूट लोडर खरोखरच पार्टिशनवर बसतो, फक्त त्यासाठीच ठेवलेल्या पार्टिशनवर. त्यामुळे 'पार्टिशनवर कधीच बसवू नका' हा जुना सल्ला इथे लागू होत नाही.

इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे मॅन्युअल पार्टिशन करताना ईएसपीच्या पुढे 'फॉरमॅट'वर टिक करणं. लिनक्स छान चालू होतं, पण विंडोजचं फोल्डर गेलेलं असतं. तरीही सी ड्राइव्ह शाबूत असतो. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीबूट ही कमांड चालवली की ते फोल्डर पुन्हा तयार होतं.

दुसरी गंमत बाहेरच्या डिस्कची. उबुंटूच्या जुन्या आणि मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये एक प्रसिद्ध दोष आहे. तुम्ही एक्स्टर्नल डिस्क निवडली तरी यूईएफआय मोडमध्ये तो लोडर लॅपटॉपच्या आतल्या डिस्कच्या ईएसपीमध्येच टाकतो. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की चालत नाही.

आपला कॉम्प्युटर कुठल्या मोडमध्ये आहे?

विंडोज चालू असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, 'एमएसइन्फो३२' इंग्रजीत टाइप करा. 'बायोस मोड'पुढे लेगसी किंवा यूईएफआय लिहिलेलं दिसेल. विंडोज ज्या मोडमध्ये आहे, त्याच मोडमध्ये लिनक्सचा पेनड्राइव्ह सुरू करा. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता. चुकीचा निवडला तर दोन्ही सिस्टिम बसतात, पण एकमेकींना दिसत नाहीत.

लेगसी असेल तर बूट लोडरसाठी अख्खी डिस्क, म्हणजे एसडीए. यूईएफआय असेल तर ईएसपी, फॉरमॅट न करता. नवीन एनव्हीएमई डिस्कवर नावं वेगळी दिसतात, तिथे शेवटी 'पी१', 'पी२' असेल तर ते पार्टिशन समजा.

स्क्रीन काळी झालीच तर

'ग्रब रेस्क्यू' दिसत असेल तर ग्रबचे दोन्ही तुकडे जागेवर आहेत, पण त्यांना पुढचं काही सापडत नाही. याचं नेहमीचं कारण म्हणजे विंडोजमध्ये बसून लिनक्सचं पार्टिशन डिलीट केलं, पण एमबीआरमधला ग्रब तसाच राहिला. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'रिपेअर'मध्ये जाऊन बूटरेकची फिक्सएमबीआर कमांड दिली की विंडोजचा कोड परत येतो.

लिनक्स ठेवायचं असेल तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह मोडमध्ये सुरू करा. त्यात 'बूट रिपेअर' आधीच दिलेलं असतं. पण ते वापरायच्या आधी फाइल मॅनेजर उघडा. तुमचा सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह तिथे बहुतेक दिसेलच. आधी फोटो आणि दाखले दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, मग दुरुस्तीला हात घाला. दुकानात देणार असाल तर तिथेही हेच सांगा.

चूक न करताही कधी कधी हे होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेकांच्या ड्युअल बूट कॉम्प्युटरवर लिनक्स सुरूच होईना. सिक्युअर बूटनं जुने लिनक्स लोडर नाकारायला सुरुवात केली होती. तेव्हाही डेटाला धक्का लागला नव्हता.

खरी अडचण एकाच ठिकाणी येते, ती म्हणजे बिटलॉकर. ड्राइव्ह लॉक असेल आणि बूटची साखळी बदलली, तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर फाइली डिस्कवर असूनही उघडत नाहीत. नवीन लॅपटॉपमध्ये हे लॉक बऱ्याचदा आपोआप लागलेलं असतं आणि की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावायच्या आधी त्या अकाउंटमध्ये लॉगिन करा आणि ते ४८ आकडे कागदावर उतरवून घ्या.