शिळा, खिळे आणि ठोकळे

नायगांवच्या स्टेशनावरून गाडी दक्षिणेस खाडीच्या पुलाकडे निघाली म्हणजे मिठागरांचे चौकोनी वाफे दृष्टीस पडूं लागतात. प्रत्येक वाफ्यास स्वतःचा बांध असतो. एका वाफ्याचा बांध फुटला तर तेवढ्याच वाफ्याचें पाणी जातें. बाकीचें आगर शाबूत राहतें. परंतु भरतीचें पाणी ज्या वाटेनें आंत येतें ती वाट बुजली, तर मात्र एकही वाफा भरत नाहीं. हें दृश्य मी लहानपणापासून पाहत आलों आहें. लिहिण्याच्या व छापण्याच्या विद्येचा इतिहास समजण्यास त्याचा उपयोग होईल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें. २०१९ सालच्या आरंभीं घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें तें ध्यानांत आलें.

माझे शाळेंतले एक गुरुजी निवृत्तीनंतर वसई तालुक्यांतले जुने शब्द वेचीत असत. मिठागरांतले शब्द, होड्यांवरचे शब्द, केळीच्या वाड्यांतले शब्द ते वृद्ध माणसांच्या तोंडून उतरून घेत व एका संकेतस्थळावर घालीत. हा उद्योग बारा-तेरा वर्षें चालला होता. एके सायंकाळीं त्यांचा निरोप आला म्हणून गेलों, तों ते संगणकापुढें खिन्न बसलेले. लिहिण्याची नेहमींची चौकट नाहींशी होऊन तिच्या जागीं ठोकळ्यांची नवीच मांडणी आली होती. लिहिलेलें साठवूं गेल्यास तें साठविलें जात नसे. आणि कांहीं जुनीं पानें तर रोमन अक्षरांच्या अर्थहीन रांगा होऊन बसलीं होतीं.

गुरुजी म्हणाले, "अरे, ज्यांनीं हे शब्द सांगितले त्यांतले बहुतेक आतां राहिले नाहींत. पुन्हां कोणाला विचारूं? बंद करून टाकतों हें सारें."

मी इतिहास शिकविणारा. यंत्रविद्येंत माझी गति बेताचीच. तरीही गुरुजींचें दुःख मला परिचित वाटलें. लिहिण्याचें साधन पालटलें म्हणजे जुन्या मजकुराचें काय होतें, हा प्रश्न मराठी भाषेस चारशें वर्षें छळीत आला आहे.

हिंदुस्थानांतला पहिला छापखाना १५५६ मध्यें गोव्यास आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. भाषा मराठी, पण लिपि रोमन. हा ग्रंथकर्त्याचा हट्ट नव्हता. १६०८ सालीं लिहिलेल्या एका पत्रांत स्टीफन्स यांनीं येथल्याच लिपींत पुस्तकें छापण्याची आपली जुनी इच्छा कळविली होती, आणि अडचणही सांगितली होती. युरोपांत चोवीस अक्षरांचे सांचे केले कीं काम भागतें. येथें ते सहाशेंच्या घरांत जातात. आमच्या वसई प्रांतावर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. परंतु त्या दोन शतकांत हे सहाशें सांचे कोणी पाडले नाहींत, आणि ख्रिस्ती पुराणें रोमन वेषांतच वावरत राहिलीं.

पुढें हा कोट वेगवेगळ्या वाटांनीं फोडण्याचे यत्न झाले. १८०५ मध्यें मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरून भगवद्गीता छापण्यांत आली. येथें प्रत्येक पान म्हणजे एक अखंड ठोकळा. एक काना चुकला तर सगळा पत्रा वायां. त्याच वर्षीं श्रीरामपूरला विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांवर निघालें. मुंबईंत अमेरिकन मिशनचें शिळाछापाचें काम पाहून गणपत कृष्णाजी यांनीं स्वतःच लांकडी यंत्र जुळविलें, शिळा मिळविली, शाई तयार केली, आणि १८३१ मध्यें पहिलें छापील मराठी पंचांग काढलें. शाईंत चरबी असेल या शंकेनें छापील कागदास न शिवणारे लोक त्या काळीं पुष्कळ होते. त्यांच्या समाधानासाठीं शाईंत तूप घातलें जाई, असें सांगतात. पोथ्याही छापल्या त्या आडव्या सुट्या पानांच्याच. यंत्र नवें, पण घडण जुनी. नवें साधन लोकांच्या गळीं उतरविण्याची ही रीत आपण ध्यानांत ठेवावी. तिचा पुढें उपयोग आहे.

खिळ्यांचें काम मात्र पुष्कळ दिवस खडतरच राहिलें. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं देवनागरी अक्षरांचे सुबक ठसे घडविले. त्याच छापखान्यांत लहानपणीं उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनीं १८६४ मध्यें खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला, व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. त्यांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं. परंतु आमच्या आजोबांच्या पिढीनें जीं संस्कृत व मराठी पुस्तकें वाचलीं, त्यांतलें अक्षर बहुधा यांच्याच हातचें. जुळाऱ्याच्या पुढ्यांत शेंकडों घरांच्या पेट्या असत. एक खिळा चुकून शेजारच्या घरांत पडला कीं पानोपानीं तीच चूक उमटे. ती शोधण्याचा उपाय एकच: मुद्रित काढावें, चूक कोणत्या घरांतून आली तें पाहावें, आणि तेवढाच खिळा बदलावा. सगळी पेटी ओतून देणारा जुळारी शहाणा नव्हे.

या इतिहासांत एक हानीही आहे, आणि ती झांकून ठेवणें बरें नव्हे. श्रीरामपूरला मोडीचे खिळे पाडले गेले होते. केरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडींत आहे. पण महाराष्ट्रांतल्या छपाईनें बालबोध पत्करली आणि मोडी मागें राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतूनही गेली. १७३९ च्या वसईच्या मोहिमेचीं पत्रें मोडींत आहेत. आज वसई किल्ल्याच्या सावलींत राहणाऱ्या शेंकडा नव्व्याण्णव लोकांपुढें मूळ पत्र ठेवलें तर त्यांस एक ओळ लागणार नाहीं. पत्रें जळलीं नाहींत, बुडालीं नाहींत; साधन पालटलें, आणि जुना मजकूर नव्या साधनांत उतरविणारे हात थोडे पडले, एवढेंच. गुरुजींच्या खोलींत बसलों असतां मला याचीच आठवण होत होती.

संगणकाच्या युगांत तोच खेळ पुन्हां झाला. प्रथम मराठीसाठीं जे टंक निघाले त्यांत रोमन अक्षरांच्याच जागीं देवनागरी आकार बसविलेले असत. तो टंक संगणकावर असेल तर मराठी दिसे, नसेल तर निरर्थक रोमन. १९९१ मध्यें युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र ठोकळा मिळाला. जोडाक्षरें नियमानें आपोआप बनूं लागलीं. स्टीफन्स यांस अडविणारे सहाशें सांचे असे १२८ घरांत मावले. मोडीसही २०१४ मध्यें तेथें जागा मिळाली, फार उशिरां कां होईना.

आतां गुरुजींच्या ठोकळ्यांकडे वळूं. वर्डप्रेस ही संकेतस्थळें चालविण्याची मुक्त प्रणाली २००३ मध्यें निघाली. तिच्या ५.० या आवृत्तींत, ६ डिसेंबर २०१८ रोजीं, लिहिण्याची जुनी चौकट जाऊन नवा एडिटर आला. सुटे खिळे युरोपांत रूढ करणाऱ्या योहान गुटेनबर्गचेंच नांव त्यास दिलें आहे. यांत प्रत्येक परिच्छेद, मथळा वा चित्र हा वेगळा ठोकळा. हवा तेथें उचलून ठेवावा. ज्यांस हें रुचलें नाहीं अशा लाखों लोकांनीं जुनी चौकट परत आणणारें 'क्लासिक एडिटर' हें प्लगिन बसविलें. आडव्या पानांची छापील पोथी ती हीच!

आम्ही पुढचे तीन दिवस बसलों. माझ्या एका विद्यार्थ्यानें दूरध्वनीवरून क्रम सांगितला, आणि तो मला इतिहासाच्या अभ्यासक्रमासारखाच वाटला. प्रथम सर्व मजकुराची प्रत काढून वेगळी ठेवावी. मग ब्राउझर बदलून पाहावा. मग सर्व प्लगिनें बंद करावीं, थीम मूळची साधी लावावी, आणि लिहून साठवून पाहावें. साठलें, तर एकेक प्लगिन पुन्हां सुरू करीत जावें. ज्याच्यापाशीं काम अडेल तोच चोर. आमचा चोर एक जुनें, वर्षानुवर्षें न सुधारलेलें प्लगिन निघालें. नवा एडिटर मजकूर ज्या द्वारानें सर्व्हरकडे पोंचवितो तेंच द्वार त्यानें लावून घेतलें होतें. ठोकळे निर्दोष होते. भरतीची वाट बुजली होती. जुने लेखही नष्ट झाले नव्हते. ते प्रत्येकीं एका 'क्लासिक' ठोकळ्यांत जसेच्या तसे पडून होते. दोन-तीन ठोकळे मात्र 'मजकूर अमान्य' म्हणून अडून बसले, कारण त्यांच्या आंतल्या खुणा पूर्वीं हातानें बदललेल्या होत्या. तेवढे नव्यानें भरले.

रोमन रांगांचें कारण याहून अगदीं वेगळें होतें. गुरुजींनीं त्याच सुमारास नवा संगणक घेतला होता, आणि त्यांत तो जुना टंक नव्हता. दोन संकटें एका आठवड्यांत आलीं म्हणून तीं एकाच कारणाचीं आहेत असें मानणें, ही चूक इतिहासकारही वारंवार करतात. तीं पानें एका रूपांतर-प्रोग्रामानें युनिकोडांत आणलीं. पण तेथें शेवटचा निकाल यंत्रास देतां येईना. जुन्या टंकांतला अर्धा र कोठें रफार झाला, कोठें तसाच राहिला. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या; 'वाऱ्या'चा 'वार्या' झालेला. दर्यावर्दी माणसांच्या शब्दसंग्रहांत हा घोटाळा लहान नव्हे. महिनाभर गुरुजी एकेक पान वाचून दुरुस्त करीत होते. कोणत्या माणसानें कोणता शब्द कसा उच्चारला, हें त्यांच्याच कानांत होतें. आणखी दहा वर्षांनीं तेंच काम कोणासही करतां आलें नसतें.

यावरून मला एवढेंच म्हणावयाचें आहे. नवें साधन आलें म्हणजे एक पक्ष त्याचे पोवाडे गातो, दुसरा जुन्याचें सुतक धरतो. भाषा मात्र तिसऱ्याच पक्षाच्या हातीं तगते. गणपत कृष्णाजी, ग्रॅहम, आरू, आणि दूरध्वनीवरून क्रम सांगणारा माझा विद्यार्थी, हे त्या पक्षाचे. त्यांनीं साधनाचा कैवार घेतला नाहीं, मजकुराचा घेतला. मोडीच्या वेळीं हा पक्ष दुबळा पडला, आणि त्याचें मोल आपण अद्याप देत आहों.

महिन्याअखेर गुरुजींकडे गेलों, तेव्हां ते मिठागरांच्या शब्दांचें पान नव्यानें लावीत होते. एका शब्दास एक ठोकळा. मला पाहून म्हणाले, "बस. हें बांधांचें प्रकरण एकदां संपवूं दे." मी बसलों. त्यांना माझी गरज उरली नव्हती, आणि त्याचाच मला आनंद झाला.