पानिपतपूर्व सलुखाचे जाबसाल (१७६०–६१)

अफगाण पातशहा अहमदशहा अब्दाली आणि मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्यांत, १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या तिसऱ्या युद्धापूर्वी, मुख्यतः अयोध्येचा नबाब शुजाउद्दौला याच्या मध्यस्थीने चाललेल्या व निष्फळ ठरलेल्या तहाच्या वाटाघाटी. रणवर्णनांत यांना अल्प जागा मिळते. तथापि दोन्ही छावण्यांत सलुखाची इच्छा असूनही युद्ध का टळले नाही, याचा उलगडा रणांगणापेक्षा या जाबसालांतच अधिक होतो.

पूर्वपीठिका : १७५२ च्या करारान्वये पन्नास लक्ष रुपयांच्या बोलीवर मराठ्यांनी मोगल पातशाहीच्या रक्षणाची जबाबदारी पत्करली होती; १७५८ मध्ये त्यांच्या फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. १७५९ मध्ये दत्ताजी शिंदे याने अब्दालीचा साथीदार नजीबखान रोहिला यास शुक्रताल येथे कोंडले आणि १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी स्वतः बुराडी घाटावर पडला. पुणे दरबारच्या दृष्टीने भाऊंची पुढील मोहीम हे स्वीकृत कर्तव्य होते; नजीबाच्या दृष्टीने तेच त्याच्या अस्तित्वावरील संकट होते.

मराठ्यांची मसलत : जड तोफखाना, बुणगे व कबिले मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, असे सूरजमल जाट व मल्हारराव होळकर यांचे मत असल्याचे सांगतात. भाऊंचा भरवसा मात्र इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींवर होता.

शहाची छावणी : या बाजूची सविस्तर हकीकत शुजाच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने १७८० च्या सुमारास फारसीत लिहून ठेवली. लेखक नबाबाचा नोकर असल्याने नबाबाची शांतताप्रियता तीत विशेष उजळ दिसणे स्वाभाविक आहे. परंतु तो स्वतः तहाच्या निरोपांची ने-आण करीत असल्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. त्याच्या कथनानुसार, पानिपतावर मराठ्यांची कोंडी होऊन रसद तुटू लागली तसे भाऊंचे निरोप वारंवार येऊ लागले, आणि परक्याच्या विजयापेक्षा आपला सुभा सुरक्षित राहणे इष्ट वाटणारा शुजा तहास अनुकूल झाला. कित्येक रोहिले सरदारही वळले. शहाने युद्धाचा अखत्यार स्वतःकडे ठेवून इतर व्यवहार हिंदुस्थानी सरदारांवर सोपविला होता. अशा वेळी एकटा नजीब आड आला. शहा स्वदेशी परतताच मराठे पुन्हा येतील, शपथा त्यांना बांधून ठेवणार नाहीत, आणि त्या दिवशी आपल्या पाठीशी कोणी नसेल, हा त्याचा युक्तिवाद होता. शुक्रतालचा वेढा ज्याने सोसला होता त्याच्या तोंडी तो निराधार म्हणता येत नाही.

तहाची कलमे : यांविषयी एकवाक्यता नाही; तथापि सरहिंद ही हद्द ठरविण्याची अफगाण मागणी होती, असे सामान्यतः मानतात.

रसदेचा प्रश्न : अंतर्वेदीतून शत्रूची रसद मारण्याविषयी भाऊंनी मराठ्यांचा अंमलदार गोविंदपंत बुंदेले यास धाडलेली पत्रे इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केली. ७ डिसेंबर १७६० च्या चकमकीत मराठा सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात गोविंदपंतही मारला गेला. तेथून पुढे भाऊंच्या प्रत्येक निरोपामागे उपासमार उभी होती.

मूल्यमापन : राजवाड्यांनी अपयशाचा ठपका बुंदेले व होळकर यांवर ठेवला; त्र्यं. शं. शेजवलकर यांनी मात्र परकीय आक्रमकास रोखण्याच्या मराठ्यांच्या भूमिकेस महत्त्व दिले. या दोषचर्चेत एक गोष्ट मागे पडते. सलूख हा शब्द सर्वांच्या तोंडी एकच असला तरी शुजास त्याचा अर्थ तटस्थता, शहास निश्चित सरहद्द, नजीबास मराठ्यांचे कायमचे उच्चाटन आणि भाऊंस, अखेरच्या दिवसांत, केवळ फौजेचे प्राण असा होता. या चार अर्थांस एका कागदावर आणील असा, दोन्ही पक्षांचा विश्वास असलेला मध्यस्थ त्या काळी हिंदुस्थानात नव्हता.

परिणाम : युद्ध झाले. भाऊंची शेवटची चिठ्ठी काशिराजाच्या हाती युद्धाच्या आदल्या रात्रीच्या अखेरच्या प्रहरी पडली. ती नबाबापुढे रुजू होते तोच मराठी फौज निघाल्याची बातमी जासुदांनी आणली.