निळूभाऊंचं ओपन माईक

पिंपळे गुरवात महापालिकेचं एक नाट्यगृह आहे, नटसम्राट निळू फुले नाट्यगृह. निळूभाऊ म्हटलं की आपल्याला आठवतो तो पडद्यावरचा बेरकी सरपंच. पण हल्ली ऑफिस सुटल्यावर स्टँडअपच्या नादाला लागलेल्या माझ्यासारख्या आयटीवाल्यांनी त्यांचं पडद्यावर येण्याआधीचं आयुष्य जरूर बघावं. का, ते सांगतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ओपन माईक म्हणजे हौशी विनोदवीरांची तालीम. एखाद्या कॅफेत माईक असतो, नाव नोंदवायचं, चार-पाच मिनिटं मिळतात. मानधन शून्य. कच्चा माल अनोळखी लोकांपुढे टाकायचा. हसले तर ठेवायचा, नाही तर घरी जाऊन दुरुस्त करायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनवर टेस्टिंग! हा प्रकार अमेरिकेतून आला, मग मुंबई-पुण्यात रुजला, आणि २०१६ साली सुरू झालेल्या भाडिपासारख्या मंडळींनी तो मराठीत आणला, असा आपला साधारण समज असतो. नावापुरता तो बरोबरही आहे. पण प्रकार म्हणाल तर तो इथलाच.

तमाशातली बतावणी घ्या. गण-गवळणीनंतर आणि वगाच्या आधी सोंगाड्या येतो आणि समोर बसलेल्या गावाची नस ओळखून बोलू लागतो. ठरलेला सांगाडा असतो, बाकी सगळं हजरजबाबीपणावर. ‘गाढवाचं लग्न’ हा वग गाजवणारे दादू इंदुरीकर ह्यातले उस्ताद. आडनाव सांगतंच आहे, गाव इंदोरी. तेच, तळेगाव-चाकण रस्त्यावरचं, जिथून कंपन्यांच्या बसेस रोज जातात. १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

बतावणी हा धंदेवाईक फडांचा मामला. हौशी लोकांच्या हातात तो बाज दिला राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी. दिवसा नोकरी-धंदा सांभाळणारी तरुण पोरं तमाशाचा ढंग घेऊन गावोगाव प्रयोग करत. विषय अंधश्रद्धा, जातपात, पुढाऱ्यांची सोंगं. खुद्द पुलंनी त्यांच्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिलं. निळूभाऊ ह्यातलेच. तेव्हा ते पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. १९५७च्या सुमारास त्यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पुढे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ तुफान चाललं आणि १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’मधून ते सिनेमात आले. म्हणजे सिनेमाआधी दहाएक वर्षं हा माणूस लोकांना समोरासमोर हसवत होता.

आता कुणी म्हणेल, हा सगळा चमूचा खेळ, एकट्याने उभं राहायचं स्टँडअप कुठे आहे ह्यात? आहे ना. निळूभाऊंचे सेवादलातले जिवलग दोस्त राम नगरकर! एकपात्री म्हटलं की आपण पुलंच्या ‘बटाट्याची चाळ’पाशी (१९६१) थांबतो. पण नगरकरांचं ‘रामनगरी’ बघा. केशकर्तनाचा पिढीजात धंदा असलेल्या घरातला माणूस, रंगमंचावर एकटा उभा राहून स्वतःचंच आयुष्य सांगतो: ते घर, तो धंदा, लग्न, सेवादल. स्वतःवर हसता हसता तुम्हाला हसवतो आणि जातीची उतरंड तुमच्यासमोर उघडी करून ठेवतो. त्याच नावाचं पुस्तक आहे, १९८२ साली अमोल पालेकरांना घेऊन हिंदी सिनेमाही आला. आजच्या कुठल्याही विनोदवीराला विचारा, ‘स्वतःचं सांग, खरं सांग’ हाच पहिला धडा असतो. तो धडा नगरकर कधीच गिरवून बसले होते.

मग फरक कुठे पडला? मला विचाराल तर प्रेक्षकांत. ओपन माईकला समोर बसलेले निम्मेअधिक लोक आपल्या नंबरची वाट बघणारे दुसरे हौशी विनोदवीरच असतात. उरलेले आपल्यासारखेच: तेच अप्रेझल, तोच हिंजवडीचा ट्रॅफिक, तीच डेटिंग ॲप्स. एकमेकांच्या विनोदावर हसणं सोपं असतं हो, कारण समजावून सांगावं असं काही नसतंच. कलापथकाला ही सोय नव्हती. ज्या गावातल्या पुढाऱ्याची टर उडवायची, तो पुढारी बरेचदा पहिल्या रांगेत. त्याच्यामागे त्याला मत देणारं गाव. तिथे विनोद फसला तर नुसती शांतता नव्हे, आणखीही काही पदरी पडू शकायचं. आणि तरी त्याच गावाला हसवायचं होतं, कारण हसलं तरच ते विचार करणार.

तेव्हा आमच्या दोस्तांना एक सुचवणी. तुमची पाच मिनिटं कॅफेत जमली ना, आता तीच कंपनीच्या सिक्युरिटी गार्डपुढे, चाकणच्या शॉपफ्लोअरवरच्या जोडीदारापुढे, नाहीतर सोसायटीच्या गणपतीत आजी-आजोबांपुढे करून बघा. जिथे कुणीच हसणार नाही, तिथे तुम्ही फक्त आपल्यापुरतं बोलत होतात असं समजा. जिथे हसतील, तो विनोद खरा.

दिवसा झाडांना पाणी घालणारा एक माळी ह्याच कसोटीवर घडला. नाट्यगृहाला नाव उगाच नाही दिलेलं.