बगीच्याला पाणी कोण घालतं? बालाघाटहून महाराजबागेकडे पाहताना

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका सभासदाने सरळच विचारलं, की आपल्या शहरातल्या बगीच्यांना पाणी नेमकं कोण घालतं? नगरपालिका, वनखातं, की ज्यांच्या नावाच्या पाट्या कुंपणाला लागल्या आहेत त्या संस्था? सगळे हसले, पण उत्तर कोणालाच धड देता आलं नाही. शोधायचं काम माझ्याकडे आलं.

शोधताना मी आधी नागपूरला पोचलो. त्याला कारण आहे. आपला जिल्हा 1867 चा, जुन्या मध्य प्रांताच्या नागपूर विभागातला. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत राजधानी नागपूरच. पुढेही दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता, सगळ्यासाठी छोट्या लाइनने गोंदिया आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूर. काम आटोपलं की वडील आम्हाला महाराजबागेत नेत. वाघ पाहायला! बालाघाटच्या पोरांनी वाघ पाहायला नागपूरला जायचं, याचं तेव्हा काही वाटत नसे.

ही बाग मुळात भोसल्यांची. त्यांचं राज्य खालसा झाल्यावर ती इंग्रजांकडे गेली, मग शेतीखात्याकडे आली. प्राणिसंग्रहालय 1894 चं. 1906 मध्ये शेजारी कृषी महाविद्यालय उभं राहिलं आणि 1969 मध्ये अकोल्याचं कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कॉलेजबरोबर बागही त्याच्याकडे गेली. म्हणजे नागपूरकरांचा सर्वांत ओळखीचा बगीचा महानगरपालिकेचा नाहीच. इतक्या हातांतून जाऊनही तो टिकला, कारण माझ्या मते अगदी साधं आहे: शिकवायला झाडं हवीत, म्हणून माळ्याचा पगार कुठल्या ना कुठल्या खात्याच्या कायमच्या खर्चात राहिला. राजा गेला, साहेब गेला, पगारपत्रक राहिलं.

पुण्यातलं एम्प्रेस गार्डन वेगळ्या वाटेने टिकलं. ते चालवणारी संस्था 1830 सालची आहे. प्रवेशाचं तिकीट, रोपवाटिका आणि दरवर्षीचं पुष्पप्रदर्शन यांतून तिच्या हाती पैसा येतो. संस्था बाहेरची, पण काम वर्षभराचं. उद्घाटनापुरती पाहुणी नव्हे.

आता आपल्याकडे या. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बगीचे, क्रीडांगणं ही नगरपालिकांची कामं म्हणून लिहिली गेली. काम लिहिलं, पण त्यासोबत माळी काही आला नाही. 2015 च्या अमृत योजनेत हिरव्या जागांसाठी पैसा होता. ती योजना मुख्यतः लाखावर वस्तीच्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेत आपलं शहर 84 हजारांच्या आसपास. शेजारचं सिवनी लाखाच्या वर गेलं, आपण अलीकडेच राहिलो. त्याच योजनेत असंही सांगितलं होतं, की बगीच्यांची देखभाल लोक, शासन आणि खासगी भागीदार यांनी मिळून करावी. कागदावर चांगलं आहे.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने पावसाळ्यात रोपं लावली, फोटो निघाले. त्यातली दोन माझ्या हातची. मे महिन्यात तिकडे गेलो तर आळी कोरडी ठक्क, रोपांच्या काड्या झालेल्या. संस्थेला वाटलं पालिका पाणी घालेल, पालिकेला वाटलं संस्था घालेल, आणि मला वाटलं दोघांपैकी कोणीतरी. मी तर पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहतो.

म्हणून भागीदार किती हे विचारण्याआधी मला एक जुना कागद पाहायचा आहे: आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात माळी हे पद कधी आलं, किती जण होते, आणि ती जागा रिकामी कधीपासून राहू लागली. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबा पालिकेत होते त्यांनी पेट्या उघडून बघाव्यात. छापील अहवाल, पगाराची पावती, बगीच्यातला एखादा फोटो, काहीही चालेल. पुढच्या बैठकीला घेऊन या; झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ.