रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही

तीन महिन्यांच्या बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध लागतं. त्याच्या यकृतातला साखरेचा साठा इवलासा असतो. उपास लांबला की बाळ आधी रडून घर डोक्यावर घेतं, मग मलूल होतं. तोंड सुकतं, टाळू खोल जाते, सलाइनसाठी शीर सापडता सापडत नाही. तरी हर्नियाच्या किंवा दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेआधी अशा तान्ह्यालाही कित्येक वर्षं अनेक ठिकाणी मोठ्यांचाच नियम लावला गेला: रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही.

भुलेची सुरुवात इतकी कडक नव्हती. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला, पुढच्याच वर्षी एडिंबरात क्लोरोफॉर्म आलं. भूल दिल्यावर उलटी होते आणि ठसका लागण्याची शुद्ध पेशंटला उरत नाही, हे लवकरच कळून चुकलं. म्हणून १८८३ साली जोसेफ लिस्टरने लिहिलं की पोटात घट्ट अन्न नको. पण दोन तास आधी कपभर चहा किंवा मांसाचं पातळ सूप द्यावं, ते हितकरच. घट्ट आणि पातळ यांतला भेद त्याने तेव्हाच केला होता.

तो पुसला गेला १९४६नंतर. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९३२ ते १९४५ मधल्या ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. भुलेत पोटातला ऐवज फुप्फुसात गेला अशा ६६ जणी निघाल्या. त्यांतल्या दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्नाने गुदमरून. सशांवर प्रयोग करून त्यांनी हेही दाखवलं की फुप्फुस जळतं ते पोटातल्या आम्लाने. निष्कर्ष मोलाचा होता, पण तो कळा देणाऱ्या बायकांबद्दलचा होता. त्यातून निघालेली खबरदारी १९६०च्या दशकापर्यंत सरसकट सगळ्यांवर बसली. वॉर्डाच्या दृष्टीनेही ते सोयीचंच: सगळ्या केसपेपरांवर एकच ओळ, मग शस्त्रक्रियांचा क्रम कसाही बदला. बाळाच्या भुकेचा हिशेब त्या ओळीत नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं.

१९८६ साली कॅनडात कॅलगरीला माल्टबी आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना शस्त्रक्रियेच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी पाजून पाहिलं. उपाशी राहिलेल्यांपेक्षा त्यांच्या पोटात जास्त द्रव सापडला नाही. मुलांवरच्या अभ्यासांनीही तेच सांगितलं. १९९९ साली अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नियम मोकळे केले: पाणी दोन तास आधीपर्यंत, अंगावरचं दूध चार, वरचं दूध सहा.

दुधादुधात हा फरक का? गाईच्या दुधात केसीन हे प्रथिन भरपूर. पोटातल्या आम्लात त्याचा घट्ट गोळा होतो आणि तो सावकाश पुढे सरकतो. आईच्या दुधात केसीन कमी, त्याचं दही मऊ आणि बारीक, म्हणून पोट लवकर रिकामं होतं. आपल्याकडे इथे एक गोष्ट जपायला हवी. सहाणेवर खारीक-बदाम उगाळलेली गुटी दिसायला पातळ असली तरी ती पाण्यात मोजायची नाही. आजीने पहाटे प्रेमाने एक बोंडलं पाजलं असेल, तर ते भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं.

पुढे स्वीडनमधल्या उप्सालाने आणखी धीर दिला. तिथे मुलांना शस्त्रक्रियेला बोलावणं येईपर्यंत पाणी पिऊ देत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत १०,०१५ मुलांपैकी तिघांच्याच फुप्फुसात पोटातला ऐवज गेला होता. युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली पाण्यासाठी एक तास पुरेसा ठरवला. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत अंगावरच्या दुधासाठी तीन तास आणि पावडरच्या दुधासाठी चार तास आले.

सगळ्या रुग्णालयांत आकडे एकच नाहीत. आपल्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेलेच पाळायचे. चार तासांचा नियम असेल आणि आठला भूल द्यायची असेल, तर झोपलेल्या बाळालाही उठवून चारच्या आत पाजून घ्यायचं. आणि आठची वेळ अकरावर गेली, तर मधे पाणी किंवा दूध देता येईल का, हे आईने लगेच विचारायचं.